सायकलवरून आलेला वरपक्ष

१९६७ साल. पावसाळा सरत आला होता. खडकीतल्या एका कामगार चाळीत मला घडी मोडलेल्या नव्या सतरंजीवर बसवण्यात आलं आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी आली. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. दारात बायकांची ही गर्दी. मागच्या टाचा उंचावून बघत होत्या.

"घ्या की ताई," मथुराकाकू म्हणाल्या. "आमच्या सिंधूच्या हातचे आहेत."

पोहे सिंधूच्या आईनं केले होते, माझ्या डोळ्यांदेखत. पण मुलगी बघायला आलेल्या माणसांना असंच सांगायचं असतं, हे मलाही माहीत होतं. माझ्या घरीही पोहे आईच करायची आणि नाव माझं सांगायची.

अडचण एवढीच होती, की मी मुलगी बघायला आले नव्हते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि समाजकार्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. असं काही कॉलेज असतं, यावर आमच्या आत्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

"समाजसेवा शिकायला कॉलेज?" ती म्हणाली होती. "उद्या देवाला नमस्कार करायचंही कॉलेज काढतील!"

"नोकरी मिळते त्यानंतर, आत्या. पगार असतो."

"सेवेचा पगार? मग ती सेवा कसली गं, कुमुद? आणि खादीच नेसावी लागणार का? लग्न करू देतात की नाही?"

घरात ही तऱ्हा, तर रस्त्यावर विचारायलाच नको. खांद्याला पिशवी लावलेली, सायकलवरून फिरणारी मुलगी म्हणजे कोण असणार, हे प्रत्येक गल्लीनं आपापलं ठरवलेलं असायचं. त्या वर्षी निवडणुका होऊन गेल्या होत्या, त्यामुळे कुणी लांबूनच ओरडायचं, "मत देऊन झालं हो बाई!" कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होते, त्यामुळे कुठे दार उघडताक्षणी लागायचं, आणि आतून आवाज यायचा, "ह्यांना विचारून सांगते!" एका घरात तर मला शिवणयंत्र विकणारी समजून आजीबाईंनी आधीच्या यंत्रात दोरा का तुटतो म्हणून फैलावर घेतलं होतं.

मी हे सगळं आढावबाईंना सांगायची. त्या आमच्या क्षेत्रकार्याच्या मार्गदर्शक. नगरच्या, घट्ट अंबाडा, पांढरी साडी, बोलणं रोखठोक. हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"लोकांना तू कोण हे कळलं नाही म्हणून रडू नको," त्या म्हणायच्या. "लोक कोण आहेत, हे तुला कळलं का, ते सांग."

त्यांचे नियम थोडे आणि पक्के होते. आधी ऐकायचं, मग विचारायचं. सांगायचं सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर सांगायचंच नाही.

मला त्यांनी शहरातल्या क्षयाच्या दवाखान्यात नेमलं होतं. वजनाच्या काट्याशेजारी माझं स्टूल. आलेल्या माणसांशी बोलायचं, घरची माहिती घ्यायची, आणि यायचं बंद झालेल्यांच्या घरी जायचं. तेव्हा महिनोन् महिने सुया टोचून घ्याव्या लागत आणि वर वर्षभर गोळ्या. थोड्या दिवसांत खोकला थांबला, की लोकांना वाटायचं बरे झालो. मधेच सोडलं, की दुखणं दुप्पट जोरानं उलटायचं आणि मग तेच औषध लागू पडायचं नाही.

सिंधू जगदाळे अशीच यायची बंद झाली. अठरा-एकोणीस वर्षांची, उंच, हसरी, पण मनगट असं की बांगडी कोपरापर्यंत चढावी. जवळ दवाखाना असून खडकीहून बसनं आमच्याकडे यायची. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून, हे उघड होतं. डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि काही न बोलता पाकिटात घातला.

"ही पोरगी परत आली पाहिजे," एवढंच म्हणाले.

आढावबाईंनी मला पाठवलं. "पण दारात दवाखान्याचं नाव काढायचं नाही. चाळ आहे. तुझ्या एका शब्दानं ती पोर जन्मभर घरात बसेल."

"मग कोण म्हणून जाऊ?"

"माणूस म्हणून जा."

चाळीत शिरले तर पहिल्याच नळावर मथुराकाकू. कमरेला पदर खोचलेला, हातात घासायची कळशी. चाळीतल्या सगळ्या बातम्यांना त्यांच्यावरून जावं लागत असावं, अशी त्यांची बसायची जागा होती.

"कुणाकडं?"

"जगदाळ्यांकडे."

"कुठनं आलात?"

"पुण्यातून."

"काय काम काढलंत?"

इथे माझं सगळं शिक्षण तोकडं पडलं. दवाखाना म्हणायचं नाही, कॉलेज म्हणावं तर आणखी दहा प्रश्न. मी म्हणाले, "काही नाही, त्यांच्या मुलीबद्दल जरा बोलायचं होतं."

काकूंनी मला केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं. मी त्या दिवशी नेमकी बरी साडी नेसले होते. कळशी तिथेच ठेवून त्या माझ्या पुढे धावल्या.

"अगं अनसूया! दार उघड! सिंधीला बघायला आलेत!"

दार उघडलं. सिंधूची आई, अनसूयाबाई, पिठाच्या हातानं उंबऱ्यात उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे जमू लागलेल्या बायकांकडे पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. मग पदर डोक्यावर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "या, या. आधी कळवलं असतंत तर हे घरी थांबले असते की."

"अहो नाही, तुमचा काहीतरी गैरसमज..." मी सुरुवात केली.

"सगळे असंच म्हणतात," मथुराकाकूंनी मला दंडाला धरून सतरंजीवर बसवलं. "आमच्या थोरलीला बघायला आले ते पत्ता विचारायच्या निमित्तानं आले होते. बसा तुम्ही. मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?"

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "लाजल्या बाई! कुणासाठी आल्यात, भावासाठी वाटतं."

"बोटीवर असतो," अनसूयाबाई स्टोव्हकडे तोंड करून म्हणाली. "मोठ्या बोटीवर. म्हणून तर बहीण एकटी आलीय."

मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. बहुधा कुणीतरी खरोखरच बोटीवरच्या मुलाचं स्थळ सुचवलं असेल आणि ही मला त्याच घरची समजते आहे, असं माझ्या मनानं घेतलं. पायाखालची सतरंजी सरकल्यासारखं झालं.

सिंधू बशी घेऊन आली. मला पाहिलं आणि बशी कलली; दोन शेंगदाणे सतरंजीवर पडले. ती मला ओळखत होती. काट्याशेजारच्या स्टुलावरची बाई तिनं किती वेळा पाहिली होती! पण तिनं मान खाली घातली आणि बघायला आलेल्यांपुढे मुली बसतात तशी बसली. मग तिला खोकला आला.

अनसूयाबाईच्या हातून त्याच क्षणी परात पडली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"पावसाची सर्दी," ती म्हणाली.

मला काही सुचेना. आणि काही सुचत नसलं की माणूस पाठ केलेलं म्हणतो. गृहभेटीत विचारायचे प्रश्न मला पाठ होते. मी ते विचारू लागले. घरात माणसं किती? झोपता कुठे? खिडकी उघडी असते की बंद? ती सकाळी काय खाते? दूध घेते का?

"बघा, बघा," मागून एक म्हातारी म्हणाली, "किती बारकाईनं चौकशी करतायत. आमच्या वेळेला नुसतं चालून दाखव म्हणायचे."

"लई शिकलेलं घर दिसतंय," दुसरीनं दुजोरा दिला.

शेवटी मथुराकाकूंनी तो प्रश्न विचारलाच. "मग? मुलगी पसंत?"

दारातल्या बायका आणखी पुढे सरकल्या. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पोरीच्या तोंडावर नकार, आणि खरं सांगावं तर तिचं आयुष्य चाळीच्या हातात. मी अनसूयाबाईकडे पाहिलं. ती माझ्यासमोर येऊन बसली होती, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"काय अट असंल ती सांगा," ती हळू, पण ठामपणे म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगा. म्हणजे मागनं काही नको."

आणि माझं तोंड उघडलं.

"मुलगी फार अशक्त आहे," मी म्हणाले. "अंगात जरा रक्त आल्याशिवाय आमच्याकडून पुढची बोलणी होणार नाहीत. रोज दूध पाहिजे. अंडं पाहिजे. खिडकीखाली झोपवायचं, आणि खिडकी उघडी ठेवायची. शहरात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते ताकदीच्या सुया देतात. त्या सगळ्या घ्यायच्या. एकही चुकवायची नाही. मग पुढचं बघू."

"ऐकलंस का गं अनसूया?" मथुराकाकूंनी दम भरला. "मी कधीची म्हणतीय, पोरगी हाडकलीय!"

मी पोहे संपवले. ते उत्तम होते.

संध्याकाळी कॉलेजात जाऊन मी आढावबाईंना सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर जरा रंगवूनच सांगितलं. समाजकार्यकर्तीचं कुणी ऐकत नाही, वरपक्षाचं अख्खी चाळ ऐकते, हा केवढा मोठा शोध मला लागला होता!

आढावबाईंनी चष्मा काढून पुसला.

"त्या चाळीत दवाखान्याबद्दल कुणाला कळलं का?"

"नाही, मॅडम."

"ते चांगलं केलंस. आता त्या मुलीचं सांग. नवरा येणार म्हणून जी पोरगी अंडं खाते, ती तो आला नाही, की काय करील?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"औषध तिनं स्वतःसाठी घ्यायचंय, तुझ्या भावासाठी नाही. तुला भाऊ आहे?"

"नाही."

"मग जा आणि आईला एकटीला गाठून खरं सांग. त्याच्याशिवाय तुझ्या क्षेत्रकार्यावर मी सही करणार नाही. पोरी, आपण लोकांच्या घरात आशा ठेवून येतो. ती खोटी असून चालत नाही."

मी जायच्या आधीच सिंधू दवाखान्यात आली. केसात अबोलीचा गजरा, हातात नव्या बांगड्या. काट्यावर उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, सुई जरा हळू टोचायला सांगा ना."

जाताना ती पुन्हा वळली. "बोटीवर जेवायला नीट मिळतं का हो?"

चेहरा असा गंभीर, की मी नुसतं "हो" म्हणाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आत्या म्हणाली, "गरिबांची दुःखं बघून अन्न जात नाही का? म्हणून सांगत होते, साधं बी.ए. कर." तिला काय सांगणार, की आपल्या न जन्मलेल्या भावाचं लग्न कसं मोडावं, याची मला काळजी पडली आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चाळीत गेले. दुपारी बायका लवंडलेल्या असतात. नळावर कुणी नव्हतं. अनसूयाबाई दारं-खिडक्या सताड उघडून भाकरी थापत होती. खिडकीखाली गादीची वळकटी, फळीवर टोपलीत अंडी.

"या," ती म्हणाली. थापणं थांबवलं नाही.

मी वाटेत वाक्यं जुळवत आले होते. ती सगळी विसरले. "अनसूयाबाई, मला भाऊ नाही."

थप, थप, थप. भाकरी गोल झाली, तव्यावर पडली. तिनं वरून पाणी फिरवलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अहो ताई, वरपक्षाची बाई एकटी, सायकलवरून, निरीला चेनचं काळं फासून येती होय?" ती आता हसायला लागली होती. "तुम्ही त्या काट्यापाशी बसता. मी सिंधूला घेऊन आले ना पहिल्यांदा, तेव्हा तुम्हीच वजन केलंत. दार उघडलं, तर समोर तुम्ही. मागं अख्खी चाळ उभी. म्हटलं, आता ही बाई बोलली, की संपलं. पण तुम्ही काही बोलेनात. आणि काकू म्हणतायत, बघायला आलेत. म्हटलं, असू द्या मग बघायला आलेत."

"बोटीवरचा मुलगा?"

"तो तिथंच सुचला. लांब असलेला बरा. कुणी तपास करत नाही."

"आणि सिंधू? ती मला वन्सं म्हणते!"

"ती वांड हाय," अनसूयाबाई म्हणाली. "तुमचं तोंड कसं होतं, ते घरी येऊन करून दाखवती."

मी तिच्याशेजारी बसले. भाकरी फुगली. तिनं ती उतरवून माझ्यापुढे ठेवली, वर लसणाची चटणी.

"मग सुया बंद का केल्या होत्या?" मी विचारलं. हा प्रश्न खरं तर मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता.

"सारखी पोरगी नटूनथटून बस धरती, ते काकूंच्या डोळ्यांत आलं. कुठं जाती, कुणाला भेटती, विचारायला लागल्या. आज भलतंच बोलतील, उद्या खरं शोधून काढतील. खरं कळलं, तर नळाला आमचा हंडा कुणी लावू देणार नाही. मग मीच तिला घरात बसवली." तिनं दुसरा गोळा हातात घेतला. "आता काकू स्वतः तिला बसपर्यंत सोडतात. वाटेत सांगतात, सासरच्यांनी सुया घ्यायला सांगितल्यात, चुकवू नको गं बाई. आणि सिंधूचे वडील! पोरीला रोज अंडं म्हटलं असतं, तर घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही चारचौघींत बोललात, तर स्वतः बाजारातनं आणतात. ते अंड्याचं मला सुचलं नसतं, हां."

"पण शेवटी काय? लग्न तर होणार नाही."

"मोडू की," ती म्हणाली. "स्थळ मोडतंच. दर वर्षी ह्या चाळीत कुणाचं ना कुणाचं मोडतं, दोन दिवस रडतात. माझी पोरगी तेवढी धडधाकट उभी राहू दे. तवर तुम्ही एक करा ताई. मधूनमधून येत जा, आणि विचारलं, की 'बघू' म्हणत जा."

मी आढावबाईंना हे जसंच्या तसं सांगितलं, या वेळी न रंगवता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं, त्यांना ठसका लागला आहे. डोळ्यांतलं पाणी पुसत त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलगी औषध कुणासाठी घेतेय, हे आईला पक्कं ठाऊक आहे. तू कोण म्हणून गेली होतीस, कुमुद?"

"माणूस म्हणून, मॅडम."

"आणि त्यांनी बरोबर जागी बसवलं तुला. जा. 'बघू' म्हणत राहा."

त्यांनी सही केली. मी दीड वर्ष 'बघू' म्हणत राहिले आणि त्या चाळीत मोजता येणार नाहीत इतके पोहे खाल्ले.

सिंधू पूर्ण बरी झाली. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडासमोर धरला, तेव्हा मलाही बोलावून दाखवला. त्यानंतर अनसूयाबाईनं चाळीत जाहीर केलं, की स्थळ आम्हीच नाकारलं. मुलगा बरा होता, पण नणंद फार चौकस होती. चाळीला ते ताबडतोब पटलं. पुढे सिंधूनं एस.टी.तल्या एका मेकॅनिकशी लग्न केलं. आपलं दुखणं तिनं त्याला स्वतःच्या तोंडानं आधी सांगितलं. तिला दोन मुलं, आता नातवंडं. दर दिवाळीला तिचा फोन येतो आणि मी उचलला, की पलीकडून आवाज येतो, "वन्सं, बोट लागली का किनाऱ्याला?"

अनसूयाबाई सिंधूच्याच घरी, पिकल्या वयात गेली. आढावबाई निवृत्त होऊन नगरला गेल्या. तिथे त्यांच्या अंगणात बायका तक्रारी घेऊन येत आणि त्या आधी ऐकून घेत. माझं लग्न झालं. पोहे आईनंच केले होते. आत्यानं माझी नोकरी पंचवीसेक वर्षं पाहिली आणि शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिली, "आमची कुमुद दवाखान्यात वजनं करते. पगार बरा आहे म्हणे."

राहिल्या मथुराकाकू.

मी त्याच दवाखान्यात कायम झाले होते, त्याला बरीच वर्षं लोटली होती. एका सकाळी काट्याशेजारी बसले असताना समोर त्या उभ्या राहिल्या. केस पांढरे झालेले, पदर अजून कमरेला खोचलेला. बरोबर सून, तोंडावर पदर, डोळे खोल गेलेले. आता मला सगळं उलगडून सांगावं लागणार, म्हणून मी उठले.

काकूंनी काट्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"अनसूयेची परात त्या दिवशी फार वेळेवर पडली होती," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं, बसपर्यंत सोडायला जाताना, पोह्यांवर खोबरं घालताना!

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीत राहतो आम्ही, ताई." त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला काट्यावर चढवलं. मग माझ्याकडे वाकून, आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "आमची धाकटी आता लग्नाची झालीय. एकदा या की बघायला, आणि तुमच्या त्या अटी घरातल्या सगळ्यांना घाला. सायकलनंच या. पोहे करते."